आजारपणानंतरची दौड : सरावाच्या वेळापत्रकाची फेरआखणी

चेन्नई शहरात दोन गोष्टी दर वर्षी एकमेकींच्या पाठोपाठ येतात. ऑक्टोबरच्या मध्यास ईशान्य मोसमी पाऊस दाखल होतो आणि डिसेंबरपर्यंत मुक्काम करतो. तो ओसरतो न ओसरतो तोच, जानेवारीच्या आरंभी, चेन्नई मॅरेथॉन येते. ४२.१९५ किलोमीटरच्या या दौडीसाठी साधारणपणे सोळा आठवड्यांचा सराव आवश्यक मानला जातो. जानेवारीतून सोळा आठवडे मागे मोजले की सप्टेंबरचा मध्य येतो. म्हणजे सराव सर्वांत कठीण टप्प्यावर असतो, तेव्हाच शहरात पाऊस, साचलेले पाणी आणि तापाच्या साथी यांचाही भर असतो. मुंबई मॅरेथॉन २००४ पासून भरते. तिची तारीखही जानेवारीतच असल्याने महाराष्ट्रातील धावपटूंची तयारीही पावसाळ्याच्या अखेरीस, डेंग्यूच्या हंगामातच सुरू असते.

टी. नगरच्या बाबतीत हा योग अधिकच जुळून येतो. सर पी. त्यागराय चेट्टी यांच्या नावाने ओळखली जाणारी ही वसाहत १९२० च्या दशकात माम्बलमच्या विस्तीर्ण तलावाच्या जागेवर आखण्यात आली. तलाव बुजला, तरी पाण्याने आपली जुनी वाट सोडलेली नाही. नोव्हेंबर २०२१ मधील अतिवृष्टीत या भागातील अनेक रस्ते पाण्याखाली गेले होते. पाणी ओसरल्यानंतर गच्चीवर, कुंड्यांत, टाकून दिलेल्या टायरांत आणि शहाळ्यांच्या करवंट्यांत जे थोडेसे स्वच्छ पाणी उरते, त्यात डेंग्यूचा प्रसार करणाऱ्या एडिस डासाची पैदास होते. हा डास दिवसा चावतो, आणि त्यातही सकाळी व सूर्यास्तापूर्वी अधिक चावतो. नटेशन पार्क, जीवा पार्क किंवा पनगल पार्क येथे चालण्याधावण्यासाठी येणाऱ्यांच्या वेळाही नेमक्या याच.

अशा वेळी ताप येतो, आठदहा दिवस अंथरुणात जातात आणि बरे वाटू लागताच पहिला प्रश्न मनात उभा राहतो : बुडालेला सराव भरून कसा काढायचा? हा प्रश्नच मुळात चुकीच्या दिशेने नेणारा आहे. तो कसा, आणि त्याऐवजी कोणता प्रश्न विचारावा, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

थकलेले हप्ते आणि शरीर

बँकव्यवहाराशी परिचित असलेल्या वाचकांना एक उदाहरण चटकन पटेल. अतिवृष्टीमुळे एखाद्या कर्जदाराचे उत्पन्न दोन महिने बंद पडले, तर तिसऱ्या महिन्यात त्याच्याकडून तीन हप्ते एकदम मागणे हा शहाणपणाचा मार्ग नव्हे. तसे केल्यास तो कायमचा कोलमडतो आणि कर्जही बुडते. म्हणून कर्जाची पुनर्रचना केली जाते. प्रथम काही काळ सवलत, मग लहान हप्ते, नंतर पूर्ववत हप्ता आणि आवश्यक तेथे मुदतवाढ, असा तिचा क्रम असतो. ही आखणी आधार घेते ती कर्जदाराच्या आजच्या परतफेडीच्या क्षमतेचा. जुने वेळापत्रक बाजूला राहते.

आजारातून उठलेल्या धावपटूची स्थिती याहून निराळी नाही. दहा दिवसांत बुडालेले साठ किलोमीटर पुढील आठवड्यात वाढीव म्हणून धावणे, म्हणजे थकबाकी दंडासह एकरकमी वसूल करणे होय. अशा वसुलीत शरीर जे गमावते, ते स्पर्धेतील पदकाने भरून येत नाही. तेव्हा विचारावयाचा प्रश्न असा : आज शरीर कोठे उभे आहे, आणि स्पर्धेपर्यंत उरलेल्या दिवसांत तेथून सुरक्षितपणे कोठवर जाता येईल?

आजारात नेमके काय हरवते?

भीतीपोटी घाई होते, म्हणून नुकसानीचा खरा आकार प्रथम समजून घेणे इष्ट ठरेल. सहनशक्तीचे एक प्रमुख मोजमाप म्हणजे शरीराची प्राणवायू वापरण्याची कमाल क्षमता. १९८४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात, उत्तम सराव असलेल्या खेळाडूंनी सराव थांबविल्यावर ही क्षमता तीन आठवड्यांत सुमारे ७ टक्क्यांनी आणि आठ आठवड्यांत सुमारे १६ टक्क्यांनी घटल्याचे दिसून आले. त्यानंतर ती स्थिरावली. याचा अर्थ, तीनचार दिवसांच्या सर्दीखोकल्याने सोळा आठवड्यांची मेहनत वाया जात नाही.

मात्र सराव थांबविणे वेगळे आणि अंथरुणाला खिळणे वेगळे. १९६६ मध्ये अमेरिकेतील डॅलस येथे विशीतील पाच निरोगी तरुणांना सुमारे तीन आठवडे अंथरुणात झोपवून ठेवण्यात आले. त्यांची हीच क्षमता चतुर्थांशाहून अधिक घसरली. तीस वर्षांनी त्याच पाच जणांची पुन्हा तपासणी झाली, तेव्हा आढळले की तीस वर्षांच्या वाढत्या वयाने जेवढी हानी केली नव्हती, तेवढी त्या तीन आठवड्यांच्या अंथरुणाने केली होती. या प्रयोगाची दुसरी बाजू मात्र दिलासा देणारी आहे. त्या तरुणांनी १९६६ मध्येच पुढील सुमारे आठ आठवडे क्रमाने सराव केला आणि गमावलेली क्षमता परत मिळविली. हरवलेले परत येते, परंतु त्यास काळ लागतो आणि तो काळ आठवड्यांत मोजावा लागतो.

क्षमतेतील घट सर्वांत आधी रक्तात उतरते. सराव थांबल्यापासून थोड्याच दिवसांत रक्तातील द्रवाचे प्रमाण कमी होते. हृदयाच्या एका ठोक्यासरशी कमी रक्त पुढे ढकलले जाते आणि तेवढेच काम करण्यासाठी ठोके वाढतात. म्हणून आजारानंतरच्या पहिल्या दौडीत ओळखीची गतीही जड वाटते व श्वास लागतो. शिवाय उष्ण व दमट हवेत धावण्याची जी सवय शरीराला दहा ते चौदा दिवसांच्या सरावाने लागते, तीही काही आठवड्यांच्या खंडाने विरते. चेन्नईसारख्या समुद्रकाठच्या शहरात ही बाब दुर्लक्षून चालत नाही. स्नायू व हाडे यांची गोष्ट आणखी निराळी आहे. दम परत येण्यास जेवढा वेळ लागतो, त्याहून अधिक वेळ कंडरा, सांधे व हाडे यांना पुन्हा भार पेलू लागण्यास लागतो. परतलेल्या धावपटूंना दुखापती होतात, त्या बहुधा छातीत दम परतल्यावर आणि पाय अद्याप तयार नसताना.

ताप असताना धावू नये, ते का?

आजारपणात सराव करावा की नाही, यासाठी क्रीडावैद्यकात एक सोपा निकष रूढ आहे. लक्षणे मानेच्या वर, म्हणजे नाक वाहणे, शिंका, घशात किंचित खवखव एवढीच असतील आणि ताप नसेल, तर दहा मिनिटे अगदी सावकाश हालचाल करून पाहावी. बरे वाटल्यास हलका सराव करावा, न वाटल्यास घरी परतावे. लक्षणे मानेच्या खाली असतील, म्हणजे छातीत कफ, धाप, अंगदुखी, उलट्या वा जुलाब असतील, अथवा ताप असेल, तर सराव पूर्णपणे थांबवावा. या निकषात तापाला अपवाद नाही.

याचे कारण गंभीर आहे. अंगातील उष्णता एक अंश सेल्सियसने वाढली, तर नाडीचे ठोके मिनिटाला साधारण आठ ते दहांनी वाढतात. म्हणजे ताप असलेला माणूस पडून असतानाही त्याचे हृदय अधिक काम करीत असते. त्यातच काही विषाणू हृदयाच्या स्नायूंपर्यंत पोहोचून तेथे दाह निर्माण करतात. सर्वसाधारण विषाणुजन्य तापात असे क्वचितच घडते. परंतु ज्याच्या बाबतीत घडते, त्याने त्या अवस्थेत जोराचा व्यायाम केला तर हृदयाची लय बिघडून प्राणावर बेतू शकते. हृदयस्नायूंचा असा दाह झाल्याचे निष्पन्न झालेल्या खेळाडूंना सामान्यतः तीन ते सहा महिने स्पर्धात्मक खेळापासून दूर ठेवले जाते, यावरूनच प्रश्नाचे गांभीर्य ध्यानात यावे.

ताप उतरल्यानंतरच्या दिवसांत छातीत दुखणे वा दडपण, विनाकारण धडधड, थोड्या श्रमाने धाप, चक्कर वा शुद्ध हरपणे यांपैकी एकही लक्षण जाणवल्यास सराव तत्काळ थांबवावा आणि डॉक्टरांकडून तपासणी करून घ्यावी. आवश्यक वाटल्यास ते हृदयालेख व अन्य चाचण्या सांगतील. या बाबतीत मित्रांचा सल्ला किंवा मागील वर्षीचा अनुभव पुरेसा नाही.

ताप अंगातून जाण्यासाठी गोळी घेऊन धावणे हा तर स्वतःशीच केलेला लपंडाव होय. गोळीने तापमापकावरील आकडा खाली येतो, आजार जेथल्या तेथेच राहतो. औषधाविना निदान एक पूर्ण दिवस ताप आला नाही, तरच ताप गेला असे समजावे, आणि तेथून पुढे विश्रांतीचे दिवस मोजण्यास सुरुवात करावी.

प्रत्येक आजाराचा हिशेब वेगळा

सर्दी, डेंग्यू आणि टायफॉइड यांना एकच वेळापत्रक लावता येत नाही.

डेंग्यूमध्ये ताप साधारण दोन ते सात दिवस असतो. ताप उतरला म्हणजे रुग्ण सुटला, असा समज सर्वत्र आढळतो. प्रत्यक्षात ताप उतरण्याच्या सुमाराचे २४ ते ४८ तासच सर्वांत धोक्याचे असतात. पोटात तीव्र वेदना, थांबत नसलेल्या उलट्या, हिरड्यांतून वा नाकातून रक्त, अतिशय ग्लानी ही लक्षणे याच काळात उद्भवतात आणि तेव्हा रुग्णालय गाठणे अपरिहार्य असते. रक्तातील बिंबिका, म्हणजे प्लेटलेट, यांची संख्या सामान्यतः एका मायक्रोलिटरला दीड ते साडेचार लाख असते. डेंग्यूत ती बरीच खाली येऊ शकते. ती पूर्ववत झाल्याची खात्री होईपर्यंत पडण्याझडण्याचा संभव असलेला कोणताही व्यायाम करू नये. डेंग्यूचा संशय असताना अ‍ॅस्पिरिन वा आयबुप्रोफेन यांसारख्या वेदनाशामक गोळ्या रक्तस्रावाच्या धोक्यामुळे टाळावयाच्या असतात. धावपटूंच्या पिशवीत याच गोळ्या सहसा असतात, म्हणून हा मुद्दा मुद्दाम नमूद करावासा वाटतो. अहवाल सुधारल्यानंतरही कित्येक आठवडे थकवा टिकून राहणे डेंग्यूत सर्वसामान्य आहे.

चिकुनगुनियात ताप लवकर जातो, परंतु सांधे आठवडेच नव्हे तर काही जणांत महिनोन्‌महिने दुखतात. सुजलेल्या घोट्यांवर व गुडघ्यांवर धावणे हानिकारक ठरते. अशा वेळी पोहणे किंवा जागच्या जागी चालणारी सायकल यांनी दम टिकविता येतो आणि सांध्यांना विश्रांती मिळते.

टायफॉइडमध्ये औषधांचा पूर्ण क्रम संपविणे महत्त्वाचे. बरे वाटल्यानंतर दोन-तीन आठवड्यांत आजार उलटण्याची शक्यता असते. टायफॉइड व हिवताप या दोहोंत प्लीहा वाढू शकते. ती पूर्वस्थितीत आल्याचे डॉक्टरांनी सांगेपर्यंत धक्का बसेल असे व्यायाम वर्ज्य समजावेत. आणखी एक बारकावा औषधांचा आहे. पोटाच्या व मूत्रमार्गाच्या जंतुसंसर्गावर दिल्या जाणाऱ्या सिप्रोफ्लॉक्सॅसिनसारख्या औषधांमुळे काही रुग्णांत कंडरांना, विशेषतः टाचेमागील कंडरेला, इजा होण्याचा धोका वाढतो. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २००८ मध्ये या गटातील औषधांच्या माहितीपत्रकावर तसा ठळक इशारा छापणे बंधनकारक केले. म्हणून आपण लांब पल्ल्याचे धावक आहोत, हे औषध लिहून घेतानाच डॉक्टरांना सांगावे.

दोन प्रमाणपत्रांतील अंतर

आजारी रजेनंतर कर्मचारी कार्यालयात परततो तेव्हा डॉक्टरांचे प्रमाणपत्र सादर करतो. त्यात तो कामावर रुजू होण्यास योग्य असल्याचे लिहिलेले असते. हे प्रमाणपत्र खुर्चीवर बसून आठ तास काम करण्याविषयी असते, तीस किलोमीटर धावण्याविषयी नव्हे. दोहोंमध्ये अनेक आठवड्यांचे अंतर असू शकते. किंबहुना, कामावर परतल्यानंतरचा पहिला आठवडा हाच शरीरावरील पहिला वाढीव भार असतो. माम्बलम स्थानकाचा जिना, रंगनाथन रस्त्यावरची गर्दी आणि दिवसभराचे काम एवढ्यानेच संध्याकाळी गळून गेल्यासारखे वाटत असेल, तर धावण्याचा विचार पुढे ढकलावा. दैनंदिन कामे थकव्याविना पार पडू लागणे ही सरावाच्या पुनरारंभाची पहिली अट आहे.

परतीच्या पायऱ्या

२०२० मध्ये कोविडनंतरच्या पुनरागमनासाठी ब्रिटनमधील क्रीडावैद्यकतज्ज्ञांनी एक टप्प्याटप्प्याचा क्रम सुचविला होता. त्याचा गाभा तापाच्या इतर आजारांनंतरही मार्गदर्शक ठरू शकेल. पहिल्या पायरीवर पंधरा मिनिटांहून अधिक व्यायाम नाही आणि नाडी कमाल मर्यादेच्या ७० टक्क्यांच्या आत. त्यानंतर ३० मिनिटे, मग ४५ मिनिटे, मग ६० मिनिटे, आणि या साऱ्या काळात नाडी ८० टक्क्यांच्या आत. त्यापुढे नेहमीचा सराव, आणि सर्वांत शेवटी स्पर्धा. लक्षणे परतली तर विश्रांती घेऊन एक पायरी मागे यावे.

नाडीची कमाल मर्यादा काढण्याचा ढोबळ मार्ग म्हणजे २२० मधून वय वजा करणे. चाळिशीच्या व्यक्तीस ती १८० येते. तिचे ७० टक्के १२६ आणि ८० टक्के १४४. ज्यांच्याकडे नाडी मोजणारे घड्याळ नाही, त्यांनी सोबत्याशी पूर्ण वाक्यात बोलता येईल एवढीच गती ठेवावी. वाक्य मध्येच तुटू लागले, की गती जास्त झाली असे समजावे.

घरच्या घरी ठेवता येईल असे आणखी एक मोजमाप म्हणजे सकाळची नाडी. जाग आल्यावर अंथरुणातच मिनिटभर ठोके मोजून वहीत लिहावेत. निरोगी असताना एखाद्याचे ठोके ६० च्या आसपास असतील आणि आजारानंतर ते ७० च्या घरात रेंगाळत असतील, तर शरीराचे काम अद्याप संपलेले नाही. झोप, भूक, सकाळची नाडी आणि सरावानंतरच्या दुसऱ्या दिवशीचा थकवा अशा चार नोंदींची वही ही धावपटूची खातेवही होय. जमेपेक्षा नावे अधिक दिसू लागले, की दुसऱ्या दिवशी विश्रांती.

प्रथम अंतर वाढवावे, गती नंतर. चढाव, वेगाचे तुकडे व शर्यती यांना सर्वांत शेवटी स्थान द्यावे. गमावलेल्या दिवसांइतकेच दिवस पूर्ववत होण्यासाठी राखून ठेवावेत, असा एक ठोकताळा प्रशिक्षकांमध्ये प्रचलित आहे. डेंग्यूसारख्या आजारानंतर तोही अपुरा पडू शकतो. आहाराच्या बाबतीत पचण्यास हलके व प्रथिने मिळतील असे अन्न घ्यावे. मऊ भात, वरण, अंडी, इडली आणि ताक, ज्याला तमिळ घरांत मोर म्हणतात, ही साधी पथ्ये दोन्ही प्रांतांतील घरांना ठाऊक आहेत. पाणी पुरेसे प्यावे व झोपेत कपात करू नये.

एक काल्पनिक उदाहरण

हा सारा विचार प्रत्यक्षात कसा उतरतो, हे पाहण्यासाठी एक उदाहरण घेऊ. महाराष्ट्रातून बदलीवर चेन्नईस आलेला, टी. नगरमध्ये राहणारा चाळीस वर्षांचा एक अधिकारी जानेवारीच्या पहिल्या रविवारी पूर्ण मॅरेथॉन धावण्याची तयारी करीत आहे, असे समजू. नवव्या आठवड्यापर्यंत त्याचा साप्ताहिक सराव ५० किलोमीटर झाला असून सर्वांत लांब दौड २४ किलोमीटरची आहे. नोव्हेंबरच्या मध्यास त्याला डेंग्यू होतो. आठवडाभर ताप आणि नंतर आठदहा दिवस अशक्तपणा. डिसेंबरच्या आरंभी अहवाल समाधानकारक येतात, तेव्हा स्पर्धेस पाच आठवडे उरलेले असतात.

जुने वेळापत्रक या आठवड्यात २८ ते ३० किलोमीटरची दौड सांगते. नवे वेळापत्रक काय सांगेल? पहिल्या आठवड्यात दररोज वीस ते तीस मिनिटे सपाट जागी चालणे. दुसऱ्या आठवड्यात दिवसाआड चालणे व सावकाश धावणे आलटून पालटून, आठवड्याची बेरीज १५ किलोमीटरच्या आत. तिसऱ्या आठवड्यात सलग सावकाश दौड, एकूण २० ते २२ किलोमीटर, सर्वांत लांब ८ किलोमीटर. चौथ्या आठवड्यात सारे ठीक असल्यास एकूण २८ किलोमीटर, सर्वांत लांब १२. पाचव्या आठवड्यात भार पुन्हा कमी आणि रविवारी स्पर्धा.

आता आकडेच उत्तर देतात. आजारानंतर ज्याची सर्वांत लांब दौड १२ किलोमीटरची आहे, त्याने ४२ किलोमीटर धावण्यास उभे राहू नये. संयोजक परवानगी देत असतील तर १० किलोमीटरच्या गटात, वेळेचा आग्रह न धरता, धावणे त्याला शक्य आहे. पूर्ण मॅरेथॉनसाठी पुढील हंगामातील एखादी स्पर्धा निवडून नवे सोळा आठवडे मोजावेत. यालाच मुदतवाढ म्हणतात. कर्ज माफ झालेले नाही, उद्दिष्टही सोडलेले नाही, फक्त परतफेडीची तारीख बदलली आहे.

हाच आजार सप्टेंबरच्या अखेरीस झाला असता, तर सुमारे तीन आठवड्यांचा खंड आणि तेवढाच पुनरागमनाचा काळ वजा करूनही आठ आठवडे उरले असते. तेवढ्यात अर्धमॅरेथॉनचे उद्दिष्ट रास्त ठरले असते. उलट, शेवटच्या दहा दिवसांत साधी सर्दी झाली, तर बुडालेल्या सरावाची चिंता करण्याचे कारणच नाही. त्या दिवसांत सराव कमीच करावयाचा असतो. मात्र स्पर्धेच्या दिवशी अंगात ताप असेल, तर कितीही तयारी झालेली असली तरी आरंभरेषेवर जाऊ नये.

भरलेले शुल्क आणि बुडालेला खर्च

येथे एक मानसिक अडथळा आड येतो. प्रवेशशुल्क भरलेले असते, बूट घेतलेले असतात, नातेवाइकांना व सहकाऱ्यांना सांगून झालेले असते. शुल्क बहुधा परत मिळत नाही. एवढे सारे केल्यावर माघार कशी घ्यावी, असे वाटते. वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याला शिकविले जाणारे एक तत्त्व अशा वेळी कामी येते : जो खर्च होऊन गेला आणि कोणत्याही निर्णयाने परत येणार नाही, तो पुढील निर्णयात मोजावयाचा नसतो. धावलो तरी शुल्क गेले, न धावलो तरी गेले. शिल्लक राहतो तो एकच हिशेब, उद्या धावल्याने काय मिळेल आणि काय गमावण्याची भीती आहे. एका बाजूस एक पदक व एक छायाचित्र, दुसऱ्या बाजूस हृदय, सांधे आणि घरी वाट पाहणारी माणसे. या ताळेबंदाचा निष्कर्ष काढण्यास लेखापरीक्षकाची गरज पडू नये.

खेळाडूंच्या कथा कशा वाचाव्यात?

जिद्दीच्या समर्थनार्थ काही विख्यात नावे घेतली जातात. चेकोस्लोव्हाकियाचा एमिल झाटोपेक १९५० च्या ब्रुसेल्स येथील युरोपीय अजिंक्यपद स्पर्धेपूर्वी अन्नविषबाधेमुळे रुग्णालयात होता. तेथून बाहेर पडताच त्याने ५,००० व १०,००० मीटर या दोन्ही शर्यती जिंकल्या. ही कथा खरी आहे, परंतु ती अपवादाची कथा आहे. त्या काळातील एका असामान्य शरीराला जे साधले, ते नोकरी सांभाळून पहाटे सराव करणाऱ्यासाठी नियम होऊ शकत नाही. आजारात धावून ज्यांचे नुकसान झाले, त्यांच्या कथा कोणी पुस्तकात लिहीत नाही, हेही विसरू नये.

याहून उपयुक्त उदाहरण आपल्याच देशातील आहे. उत्तर प्रदेशातील रायबरेलीची धावपटू सुधा सिंह २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये ३,००० मीटर स्टीपलचेस शर्यतीत उतरली. भारतात परतल्यावर तिला ताप भरला, बेंगळुरूच्या रुग्णालयात दाखल करावे लागले आणि एच१एन१ विषाणूची लागण झाल्याचे निदान झाले. पुढच्या वर्षी, जुलै २०१७ मध्ये, भुवनेश्वर येथील आशियाई अजिंक्यपद स्पर्धेत तिने याच शर्यतीचे सुवर्णपदक मिळविले. जानेवारी २०१८ मध्ये मुंबई मॅरेथॉनमध्ये ती भारतीय महिलांत पहिली आली, ऑगस्ट २०१८ मध्ये जकार्ता आशियाई क्रीडा स्पर्धेत तिने रौप्यपदक मिळविले आणि जानेवारी २०१९ मध्ये मुंबईत पुन्हा पहिला क्रमांक पटकावताना २ तास ३४ मिनिटे ५६ सेकंद अशी वेळ नोंदविली. या तारखा शांतपणे वाचल्या तर लक्षात येते की, आजार आणि सुवर्णपदक यांमध्ये सुमारे अकरा महिन्यांचे अंतर आहे. व्यावसायिक खेळाडूलाही मध्ये एवढा काळ मिळाला. एका हंगामाची हानी म्हणजे कारकिर्दीची हानी नव्हे, हाच यातील बोध.

समारोप

सहनशक्तीचा खेळ मुळात संयमाचा आहे. पहिल्या दहा किलोमीटरांत जो गती आवरतो, तोच अखेरच्या दहा किलोमीटरांत उभा राहतो, हे प्रत्येक मॅरेथॉनपटूला ठाऊक असते. तोच संयम आजारानंतरच्या आठवड्यांत पाळावयाचा आहे. ताप असताना पूर्ण विश्रांती, धोक्याच्या लक्षणांबाबत वैद्यकीय सल्ला, दैनंदिन कामे सुखाने होऊ लागल्यावर चालण्यापासून आरंभ, आधी अंतर व मग गती, आणि उरलेल्या आठवड्यांच्या हिशेबाने स्पर्धेची फेरनिवड, एवढी पथ्ये पाळणाऱ्याला एखादी शर्यत चुकेल, पण धावणे सुटणार नाही.

घराच्या गच्चीवर व अंगणात पाणी साचू न देणे, पहाटे धावताना अंगभर कपडे घालणे आणि डासांना दूर ठेवणारे मलम लावणे ही खबरदारी तर आजच घेता येईल. चेन्नईत दर जानेवारीत मॅरेथॉन भरते, मुंबईतही भरते. आरंभरेषा पुढील वर्षीही तेथेच असेल. तेथवर निरोगी पोहोचणे हे सरावाचे पहिले उद्दिष्ट मानावे.